फ्लूच्या लशीचं वार्षिक त्रांगडं

आमच्याकडे मे संपत आला की दोन विषय निघतातच, एक म्हणजे वर्षाचं लोणचं कधी घालायचं आणि दुसरा फ्लूचं इंजेक्शन घ्यायचं की नाही. लोणच्याचं एका दिवसात ठरतं. इंजेक्शनचं मात्र जुलै उजाडला तरी चालूच असतं, तोवर घरात कुणीतरी खोकायला लागलेलं असतं आणि मग "आता काय उपयोग, पुढच्या वर्षी बघू" म्हणून विषय गुंडाळला जातो. ऑफिसात आणि सोसायटीतपण सेम. कुणाला विचारा, एकतर "ते स्वाईन फ्लूचं ना, घेतलेलं बरं" नाहीतर "काही उपयोग नसतो हो, माझ्या भावाने घेतलं आणि आठव्या दिवशी त्यालाच ताप". मधलं कुणी बोलतच नाही. म्हणून मग मी आपलं वाचून, दोन-तीन डॉक्टरांना पिडून जे काही समजून घेतलं ते आणि आमच्या घरात कसं कसं ठरलं ते लिहितेय, जरा लांबण लागेल.

आधी घरात कोण कोण ते सांगते, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे. आम्ही पुण्यात सिंहगड रोडला, धायरीच्या बाजूला राहतो. सासरे म्हणजे अण्णा, चौऱ्याहत्तरचे, डायबेटीस जुना आणि बायपास झालेली. सासूबाई माळकरी, तब्येतीने आमच्या सगळ्यांपेक्षा ठणठणीत. लेक दुसरीत. नवरा आयटीत, हिंजवडीला जातो-येतो (म्हणजे अर्धा दिवस रस्त्यावरच असतो). मी बँकेत काउंटरला, म्हणजे दिवसभर लोक काचेच्या त्या बाजूने खोकत असतात आणि मी नोटा मोजत असते. आणि स्वयंपाकाच्या मावशी, ज्यांना दमा आहे आणि ज्यांचा विचार अशा हिशोबात सहसा कुणी करत नाही.

आता फ्लू म्हणजे नक्की काय, कारण आपल्याकडे नाक गळायला लागलं तरी फ्लू आणि चार दिवस ताप आला तरी "व्हायरल आहे". साधं पडसं हळूहळू चढतं, आज घसा खवखवला, उद्या शिंका, परवा नाक बंद, माणूस कुरकुरत का होईना कामाला जातो. खरा इन्फ्लुएन्झा असा येत नाही. दुपारी डबा खाताना बरा असलेला माणूस संध्याकाळी पांघरुणात कुडकुडत असतो, अंग असं मोडून येतं की कूस बदलायला नको वाटतं, डोळ्यांच्या मागे दुखतं, कोरडा खोकला, ताप 102-103. ताप उतरल्यावरही आठ-दहा दिवस जिना चढला की धाप लागते. अर्थात नुसतं बघून शंभर टक्के ओळखता येत नाही, कोविडपण असाच दिसतो आणि डेंग्यूची सुरुवातपण, त्यासाठी टेस्टच लागते. पण ही लस पडशासाठी नाही हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे वाद मिटतात. पडसं करणारे व्हायरस शेकड्याने आहेत आणि ही लस त्यातल्या एकावरही चालत नाही, ती फक्त इन्फ्लुएन्झावर.

आणि इथेच विकणारे घोळ घालतात असं माझं स्पष्ट मत आहे. लेक लहान असताना ज्या बालरोगतज्ज्ञांकडे जायचो तिथे सांगितलं होतं की हे घेतलं की सारखी सर्दी होणार नाही. लेकाने घेतलं, आणि नर्सरीतली पोरं जशी वर्षभर शेंबडी असतात तसा तोही शेंबडाच राहिला. मग नवऱ्याने निकाल देऊन टाकला, लस बोगस. आता लशीने जे करायचं कबूलच केलं नव्हतं ते केलं नाही म्हणून ती बोगस कशी? पण दोष त्याचापण नाही, दवाखान्यात जे सांगितलं त्यावरच माणूस हिशोब करणार ना.

दुसरा टोकाचा प्रकार म्हणजे भीती घालून विकणं, आणि त्यात आम्ही पुणेकर पटकन सापडतो कारण आमच्याकडे 2009 झालेलं आहे. ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना सांगते, देशातला स्वाईन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला, ऑगस्ट 2009 च्या सुरुवातीला, चौदा वर्षांची मुलगी होती. त्यानंतर शहर एका झटक्यात गप्प झालं. शाळा बंद, थिएटरं बंद, मॉल बंद, नायडू हॉस्पिटलला तपासणीसाठी रांगाच रांगा, मेडिकलमधून मास्क गायब, ज्याला मिळाला नाही तो तोंडाला रुमाल बांधून फिरतोय. कापूर आणि वेलदोड्याची पुरचुंडी करून हुंगायचं फॅड आलं होतं, आमच्या ओळखीतल्या एक काकू तर ती ब्लाऊजला पिन लावून फिरायच्या. टॅमीफ्लू, म्हणजे फ्लूच्या व्हायरसवरची गोळी, तेव्हा सरकारी दवाखान्यातच मिळायची. सगळे नमुने एनआयव्हीला, म्हणजे इथल्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेला. तोपर्यंत एनआयव्ही म्हणजे नक्की काय करतात हे पुण्यात राहूनही निम्म्या लोकांना माहिती नसेल.

पण त्या गोष्टीला आता किती वर्षं झाली, आणि तोच एच1एन1, म्हणजे स्वाईन फ्लूचा व्हायरस, नंतर कुठे गेला तर कुठेच नाही, तो आपल्यातच राहिला. दरवर्षीच्या साध्या फ्लूत जे तीन-चार प्रकार फिरत असतात त्यातला एक तोच आहे. म्हणजे "स्वाईन फ्लूची लस" आणि "फ्लूची लस" अशा दोन वेगळ्या लशी आज नाहीत, एकाच सुईत एच1एन1, एच3एन2 आणि बी असे सगळे असतात. मधेच एखाद्या वर्षी तो जोर करतो, 2015 ला देशात 40 हजारांवर केसेस आणि जवळपास 3,000 मृत्यू झाले. 2023 च्या मार्चमध्ये एच3एन2 ची लाट आली होती, आठवत असेल, घराघरात तो न थांबणारा खोकला, आणि तेव्हा आयएमएला, म्हणजे डॉक्टरांच्याच संघटनेला, डॉक्टरांना जाहीर सांगावं लागलं की बाबांनो प्रत्येक तापा-खोकल्याला अ‍ॅन्टिबायोटिक लिहू नका. आमच्या इथे तरी फारसा परिणाम दिसला नाही, लोक अजूनही मेडिकलमध्ये जाऊन "तीन गोळ्यांचा तो कोर्स द्या" म्हणतात. फ्लू हा व्हायरस आहे, त्याला अ‍ॅन्टिबायोटिक काही करत नाही. असो, तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे आणि त्यावर लिहायला लागले तर माझं बीपी वाढेल.

तर लस किती काम करते. इथे सरळ सांगायचं तर खूप भारी नाही. गोवराच्या लशीसारखं घेतली आणि विसरलात असं नाही. लशीतले प्रकार आणि फिरणारे प्रकार ज्या वर्षी नीट जुळतात त्या वर्षी साधारण 40 ते 60 टक्के, म्हणजे डॉक्टरकडे जावं लागेल असा फ्लू व्हायची शक्यता तेवढ्याने कमी होते. जुळलं नाही तर अजून कमी, अमेरिकेत 2014-15 च्या हंगामात एच3एन2 ने ऐनवेळी रूप बदललं आणि लस जेमतेम 19 टक्के चालली. हे असं का होतं तर लस बनवायला सहा-एक महिने लागतात, त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेला आधीच अंदाज बांधावा लागतो, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. हवामान खात्यासारखंच, बरेचदा बरोबर येतं आणि चुकलं की सगळ्यांच्या लक्षात राहतं.

नवरा हे टक्के ऐकून खूश झाला, "बघ, म्हणजे टॉस करण्यासारखंच आहे". पण यात एक गोष्ट सुटते. फ्लू झालाच तरी लस घेतलेल्याला हॉस्पिटलात जावं लागायची, आयसीयूत जावं लागायची शक्यता कमी राहते, आणि मला तरी तेवढ्याशीच घेणंदेणं आहे. मी फ्लूने चार दिवस आडवी झाले तर झाले, बँक काही बंद पडत नाही. अण्णा चार दिवस आडवे झाले तर तो वेगळाच विषय होतो.

अण्णांचं सांगते. त्यांचं म्हणणं असं की आयुष्यभर काही टोचून घेतलं नाही (खोटं आहे, शाळेत देवीची लस टोचलेली, दंडावर खूण आहे), आता या वयात कशाला. आम्ही बरेच दिवस "अण्णा, ताप येईल, न्यूमोनिया होईल" असं सांगत होतो आणि ते हसून सोडून देत होते. शेवटी त्यांच्या हार्टच्या डॉक्टरांनी एकच गोष्ट सांगितली आणि काम झालं. कॅनडात ऑन्टारिओमध्ये एक अभ्यास झाला होता, 2018 ला छापून आलेला, त्यात दिसलं की टेस्टमध्ये फ्लू निघाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचा धोका एरवीपेक्षा साधारण सहापट असतो. फ्लू नुसता फुप्फुसात राहत नाही, सगळ्या अंगात आतून दाह होतो, रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते, हृदयावर ताण पडतो, आणि ज्याच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत त्याला तेवढं पुरतं. त्यात डायबेटीस असेल तर तापात शुगर कशीही उधळते. अण्णा दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, "मग हे इंजेक्शन हृदयाचं आहे असं आधी का नाही सांगितलं?" आता काय बोलणार.

डॉक्टरांनी तेव्हाच न्यूमोनियाची दुसरी लसपण सांगितली, ती वेगळी असते, दरवर्षीची नाही. घरात साठी-पासष्टी ओलांडलेलं माणूस असेल तर तीपण विचारून घ्या.

आता कधी घ्यायचं, आणि याच्यावर आमच्या घरात खरं महाभारत झालं कारण माझी नणंद न्यू जर्सीला असते. तिच्याकडे ऑक्टोबर आला की मेडिकल स्टोअरमध्येच टोचून घेतात, इन्शुरन्समधून, खिशातून काही जात नाही. त्यामुळे दर ऑक्टोबरला तिचा फोन, "आई-अण्णांचं फ्लू शॉट झालं का? अजून नाही? काय गं वहिनी". तिच्या हिशोबाने बरोबर आहे, तिथे फ्लू थंडीत येतो. पण आपल्याकडे तो पावसाबरोबर येतो. काश्मीर सोडा, तिथे थंडीतच येतो, पण महाराष्ट्रात आणि देशाच्या बऱ्याच भागात मोठी लाट जुलै ते सप्टेंबर आणि एक छोटी जानेवारी ते मार्च. लशीचा असर यायला दोन आठवडे लागतात आणि पाच-सहा महिन्यांनंतर तो उतरायला लागतो. म्हणजे ऑक्टोबरला घेतलं तर आपली मोठी लाट येऊन गेलेली असते आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत जोर कमी झालेला असतो. मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा हे आपलं गणित, पाऊस लागायच्या आणि शाळा भरायच्या आधी. नणंदेला हे समजावताना मी व्हिडिओ कॉलवर पृथ्वीचा गोलच दाखवायचा बाकी ठेवला होता. ती म्हणाली, "अगं पण भारत उत्तर गोलार्धात आहे ना?" आहे, पण आपली साथ दक्षिणवाल्यांच्या वेळापत्रकाला जास्त जुळते, ऑस्ट्रेलियात थंडी असते तेव्हा आपल्याकडे पाऊस, त्यामुळे दक्षिण गोलार्धासाठीची जी नवी लस मे-जूनच्या सुमारास येते तीच आपल्याला सोयीची पडते. मे-जूनमध्ये घ्यायची राहूनच गेली तर जुलैत घेतली तरी चालते, अगदीच न घेण्यापेक्षा बरी.

म्हणून एक कामाची गोष्ट, खोकं बघून घ्या. खरंच. आम्ही गेलो तेव्हा सिस्टरांनी फ्रीजमधून काढलं ते जुनं निघालं, उत्तर गोलार्धाचं, आदल्या वर्षीचं, एक्सपायरी जूनअखेरची. चुकीचं काही नाही, कायद्याने चालतं, पण तीन आठवड्यांत नवा साठा येणार असेल तर पैसे मोजून जुनं का घ्यायचं? खोक्याच्या एका बाजूला बारीक अक्षरात साल आणि गोलार्ध लिहिलेला असतो आणि खाली प्रकारांची नावं. 2025 च्या दक्षिण गोलार्धाच्या लशीत ए/व्हिक्टोरिया, ए/क्रोएशिया आणि बी/ऑस्ट्रिया होते. लेकाने ते वाचून विचारलं की ऑस्ट्रियाचं इंजेक्शन मला का देतायत. जिथे तो व्हायरस पहिल्यांदा सापडला त्या जागेचं नाव त्याला देतात, एवढंच. अजून एक, पूर्वी चार प्रकारांची लस सगळ्यात चांगली असं सांगायचे, पण त्यातला चौथा, बी यामागाता, मार्च 2020 नंतर जगात कुठे सापडलेलाच नाही, लोक घरात बसले आणि तो बिचारा संपला असावा, त्यामुळे आता तीनचीच पुरे असं जागतिक आरोग्य संघटनाच म्हणते. दुकानदार चारवालीच घ्या म्हणून मागे लागला तर तेवढ्यासाठी जादा पैसे घालवू नका. आणि मेडिकलमधून घेऊन दवाखान्यात न्यायची असेल तर बर्फाची पिशवी मागून घ्या, 2 ते 8 डिग्रीत राहायला लागते, स्कूटीच्या डिकीत टाकून मंडईतून भाजी घेऊन मग दवाखान्यात असं चालत नाही. बर्फावर थेटपण ठेवायची नाही, गोठली की वाया.

आता जीबीएसचं, म्हणजे गियान-बारे सिंड्रोम, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. हे आमच्या भागात टाळताच येत नाही. जानेवारी 2025 मध्ये नांदेड गाव (पुण्याजवळचं), किरकटवाडी, धायरी, खडकवासला, सगळा आमचा पट्टा, माणसं पायातली ताकद जाऊन हॉस्पिटलात भरती होत होती, काही जण व्हेंटिलेटरवर. ते दिवस फार वाईट होते, पाणी उकळून उकळून गॅस संपायचा, बाहेरची पाणीपुरी तर सोडाच, चहासुद्धा लोक घेत नव्हते. ते पाण्यातून आलेल्या इन्फेक्शनमुळे होतं, कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू नमुन्यांत सापडला. पण त्यानंतरच्या मेमध्ये सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड फिरायला लागला की फ्लूच्या इंजेक्शनने जीबीएस होतो. एरवी मी असले फॉरवर्ड न वाचता डिलीट करते पण यावेळी पोटात गोळा आला, कारण आमच्या मागच्याच गल्लीतला एक मुलगा महिनाभर आयसीयूत होता.

तर त्यात तथ्य आहे, पण कितपत ते बघायला पाहिजे. 1976 ला अमेरिकेत स्वाईन फ्लूची साथ येणार म्हणून घाईघाईत साडेचार कोटी लोकांना लस टोचली, साथ आलीच नाही आणि लस घेतलेल्यांत लाखाला एक असे जीबीएसचे जादा पेशंट निघाले, मोहीम थांबवावी लागली. तेव्हापासून हा संशय फ्लूच्या लशीला चिकटलाय. आजच्या लशींबद्दल जो अंदाज देतात तो 10 लाख डोसमागे एक-दोन जादा केसेस, आणि ज्या हंगामात मोजलं त्यातल्या बऱ्याच हंगामांत तेवढंही सापडलं नाही. आणि फॉरवर्डमध्ये जे लिहीत नाहीत ते म्हणजे खुद्द फ्लू झाल्यावरसुद्धा जीबीएस होऊ शकतो, आणि ती शक्यता लशीपेक्षा जास्त आहे. मी हे ग्रुपवर लिहिलं तर सेक्रेटरींनी "मॅडम, मेंटेनन्सबद्दल बोला" म्हणून विषय बदलला. ज्यांना आधी कधी जीबीएस होऊन गेलाय, विशेषतः फ्लूची लस घेतल्यावर सहा आठवड्यांच्या आत, त्यांनी मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये, हे खरं आहे.

"घेतली आणि फ्लूच झाला" हेपण इथेच उरकते. सुईतली लस मेलेल्या व्हायरसची असते, त्याचेही तुकडेच, त्याने फ्लू होऊच शकत नाही. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण येते, हे होतं. आणि जूनमध्ये शंभर लोकांना टोचलं तर त्यातल्या दहा जणांना पुढच्या आठवड्यात पडसं होणारच होतं, टोचलं नसतं तरी.

सासूबाईंचा प्रश्न यातला कुठलाच नव्हता. त्यांनी एकच विचारलं, "त्यात अंडं असतं म्हणतात, खरं का?" मी गोलमाल उत्तर द्यायच्या विचारात होते पण आमच्या फॅमिली डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "हो आई, कोंबडीच्या अंड्यात व्हायरस वाढवतात, मग तो गाळून, शुद्ध करून घेतात, शेवटी अंड्याचा अंश राहिला तर अगदी नावाला." मला वाटलं झालं, संपलं. माळ घातल्यापासून ज्या बाईने केक खाताना सुद्धा तीनदा विचारलंय ती काय ऐकणार. आई म्हणाल्या, विचार करते. आणि दोन दिवसांनी स्वतःच बोलल्या, की हे औषध आहे, खाणं नाही, आणि घरात मी खोकले तर यांना लागणार. यांना म्हणजे अण्णांना. मग अट घातली, एकादशीला घेणार नाही आणि वारीच्या आधी पूर्ण झालं पाहिजे.

वारीचं अगदी बरोबर होतं. त्या दरवर्षी माऊलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चालतात, दिवे घाट चढून. पालखी पुण्यात येते तेव्हा पाऊस नुकताच लागलेला असतो, लाखो माणसं, भिजलेले कपडे, रात्री शाळेच्या वर्गात खांद्याला खांदा लावून झोपणं, फ्लूला अजून काय पाहिजे. पालखीच्या दोन-अडीच आठवडे आधीची तारीख धरली. त्यांच्या दिंडीतल्या अजून तिघीजणी त्यांचं बघून तयार झाल्या, जे काम मी सात जन्मात करू शकले नसते. (अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांना पूर्वी ही लस नको म्हणायचे, आता तसं राहिलेलं नाही, अमेरिकेतल्या सूचनांमध्ये 2023 पासून त्यासाठी वेगळी काळजीही घ्यायला सांगत नाहीत. पण लशीचीच जोरात रिअ‍ॅक्शन आली असेल कधी, तर ती गोष्ट निराळी.)

लेकाचं फार ताणलं नाही. बालरोगतज्ज्ञांची संघटना सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दरवर्षी द्या म्हणते, कारण त्या वयात फ्लूने हॉस्पिटलात जायचं प्रमाण जास्त असतं. तो आता त्याच्या पुढे गेलाय. तरी त्याला देतो आम्ही, कारण घरात व्हायरस आणायचं काम पोरंच करतात आणि हा शाळेतून आला की पहिला जाऊन अण्णांच्या मांडीवर बसतो. ज्यांच्या मुलांना पहिल्यांदाच द्यायचीय आणि मूल नऊच्या आतलं आहे त्यांना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणजे मेच्या सुरुवातीलाच हलावं लागतं, हे बरेच जण विसरतात आणि एक डोस घेऊन थांबतात.

आता पैसे, ज्याबद्दल कुणी ब्लॉगवर लिहीत नाही. एक डोस दीड ते दोन हजार. ही लस सरकारच्या नेहमीच्या लसीकरणात नाही, मेडिक्लेममध्ये सहसा मिळत नाही. घरात पाच माणसं धरा, आठ-दहा हजार झाले, तेही दरवर्षी, जूनमध्ये, जेव्हा शाळेची फी, वह्या, दप्तर, रेनकोट सगळं एकदम अंगावर आलेलं असतं. ज्याला परवडत नाही त्याला "आरोग्यापेक्षा पैसा मोठा का" असं ऐकवणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. सगळ्यांना जमत नसेल तर यादी करा आणि वरून सुरू करा. आमची यादी अशी लागली, अण्णा पहिले, मग मावशी, मग आई, मग मी, मग लेक, शेवटी नवरा.

मावशी दुसऱ्या नंबरला बघून नवऱ्याने भुवया उंचावल्या. पण विचार करा, दमा असलेली बाई, चार घरी जाते, चारही घरची आजारपणं तिच्या वाटेत, आणि ती आजारी पडली तर पगार कापणारी घरं आहेतच. राज्य सरकारने 2015 पासून जोखमीच्या लोकांना ही लस मोफत द्यायला सुरुवात केली, गरोदर बायका, डायबेटीस आणि बीपीवाले, आरोग्य कर्मचारी. मी मावशींना घेऊन आमच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात गेले तर साठा संपलेला, पुढच्या महिन्यात या. पुढच्या महिन्यात पाऊस सुरू झालेला असतो. शेवटी बाहेर घेतली, निम्मे मी दिले, निम्मे त्या जिथे काम करतात त्यातल्या दुसऱ्या एका घराने. तरी सरकारी दवाखान्यात आधी विचाराच, विशेषतः घरात कुणाला दिवस गेले असतील तर. आईला दिलेल्या लशीचा फायदा जन्मलेल्या बाळाला पहिले काही महिने मिळतो आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला स्वतःला ही लस देता येत नाही, म्हणजे त्याच्याकडे दुसरा मार्गच नाही.

माझं स्वतःचं म्हणाल तर मला घ्यायची फार हौस नव्हती. चाळिशीतली, बीपी नाही शुगर नाही, माझ्यापुरतं बघितलं तर फायदा छोटा आहे आणि मी एकटी राहत असते तर कदाचित घेतली नसती, आणि कुणी तसं ठरवलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. मी घेते ती काउंटरमुळे आणि अण्णांमुळे. वय झालं की लशीला शरीराचा प्रतिसाद कमी येतो, म्हणजे अण्णांची लस अण्णांमध्ये माझ्याएवढी चालणार नाही, म्हणून त्यांच्या आसपासच्यांनी घेतली तर त्यांच्या अंगावर येणारा मारा कमी होतो. परदेशात म्हाताऱ्यांसाठी जास्त डोसची वेगळी लस असते, नणंद तिच्या सासऱ्यांना तीच देते.

नवऱ्याचं घोडं अडलेलंच आहे. त्याची भूमिका अशी की टॅमीफ्लू आहे ना, झाला फ्लू तर घेऊ. आता टॅमीफ्लू लक्षणं दिसल्यापासून 48 तासांत सुरू केली तर नीट काम करते, आणि हा माणूस पहिले दोन दिवस "एसीमुळे झालंय" म्हणण्यात घालवतो, तिसऱ्या दिवशी हळदीचं दूध, चौथ्या दिवशी मला विचारतो डॉक्टरकडे जाऊ का. हेल्मेटबद्दलही त्याचं पूर्वी हेच होतं, मी हळू चालवतो मला काय होणार आहे, ते कॅमेऱ्याच्या पावतीने सुटलं. इथे पावती फाडणारं कुणी नाही.

यंदा मी त्याच्याशी वाद घालणार नाहीये. अण्णांनीच सांगितलंय की तू घेतली नाहीस तर ताप आल्यावर पाच दिवस वरच्या खोलीत राहायचं, जेवण दाराबाहेर मिळेल, आणि टीव्ही खालीच आहे. दवाखान्यात मेच्या शेवटच्या आठवड्यासाठी सगळ्यांची नावं देऊन ठेवलीत, नवा साठा आला की फोन करणार आहेत, त्यात त्याचंपण नाव आहे.